आधी जुनं पोतं

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास लीड्सच्या एका घरात आम्ही तिघं राहायचो. मी पुण्याचा, मित्र नागपूरचा, दोघंही वर्क व्हिसावर कोडिंगला जुंपलेले. आणि तिसरे एक इंडोनेशियन अर्थशास्त्रज्ञ. तिकडच्या सरकारी धान्यखात्यात उपसंचालक. भात कधी उचलायचा, गोदामं किती भरायची, बाजारात तांदूळ केव्हा सोडायचा, सगळं म्हणे तेच ठरवत. तांदळाच्या भावाला शिंक आली की मंत्री आधी यांच्याकडे रुमाल मागायचे. सरकारनेच पीएचडीला पाठवलेलं. परत गेलं की संचालकाची खुर्ची, असा शब्द होता. त्या खुर्चीबद्दल इतकं बोलत, की तिचं कुशन कुठे उसवलंय हेही आम्हाला पाठ होतं.

तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाठीमागे गोदामकाका.

काकांची अख्खी कारकीर्द एका नियमावर उभी होती: जे पोतं आधी आत आलं, ते आधी बाहेर. तोच नियम त्यांनी आमच्या किचनला लावला. शिळा ब्रेड संपल्याशिवाय ताजं पाकीट फोडायचं नाही. आणि शिळा संपेपर्यंत ताजा शिळा व्हायचा. वर्षभर मऊ ब्रेड आम्ही फक्त सुपरमार्केटात, काचेआडच्या नवरीसारखा पाहिला. काका किचनमध्ये शिरले की बुरशीसुद्धा अटेन्शनमध्ये उभी राहायची.

त्यांचा थीसिस संपत आला तेव्हा खात्याचं शिष्टमंडळ लंडनला आलं. प्रमुख एकेकाळचा यांच्या हाताखालचा, यांनीच नोकरीला लावलेला. तो खास लीड्सला भेटायला येतोय म्हटल्यावर काकांनी ओळखलं, खुर्चीची ऑर्डर येतेय. बाटिकच्या शर्टाला अशी इस्त्री मारली की तो काकांशिवायही उभा राहिला असता. आणि कपाटात जुन्या तांदळाची अर्धी पिशवी असताना त्यांनी चक्क नवी बासमती फोडली. नागपूरकराने मला कोपराने ढोसलं.

पाहुणा 'सर, सर' करत जेवायला बसला. भाताची तारीफ करता करता त्याची नजर उघड्या कपाटावर गेली. मग तो इंग्रजीत, आम्हालाही कळेल अशा बेताने बोलला.

"सर, जुनी पिशवी असताना नवी फोडलीत?"

"पाहुण्यासाठी," काका म्हणाले.

"नियमाला पाहुणा नसतो, तुम्हीच शिकवलंत. खात्याने तो पाळला. तुम्ही माझ्या आधी आत आला होतात." त्याने सावकाश एक घास खाल्ला. "संचालक मी झालोय, सर. तुम्हाला रिटायर केलंय."

काका म्हणाले, "भात वाढू?"

त्याने वाढून घेतला, दोनदा. वर, तांदूळ फार आवडला म्हणून उरलेली पिशवीही मागितली. लीड्सहून तांदूळ निघाला जाकार्ताला! आम्ही खिडकीतून बघत होतो. ज्या माणसाने अख्ख्या देशाची कोठारं सांभाळली, तो ती पिशवी छातीशी धरून टॅक्सीपर्यंत मागे मागे गेला. टॅक्सीचं दारही काकांनीच उघडलं. संध्याकाळभर पाहुणा यांना सर म्हणत होता. दार लावताना काका त्याला 'गुड नाइट, सर' म्हणाले. त्याने ते ठेवून घेतलं.

सकाळी शिळ्या ब्रेडचे तुकडे तसेच असताना नागपूरकराने ताजं पाकीट फोडलं. काका समोरच चहा ढवळत होते. ढवळतच राहिले. तो ब्रेड घशाखाली उतरला नाही, असं लिहिलं तर शोभेल. पण मऊ होता. मी दोन स्लाइस जास्तच खाल्ल्या.