सत्काराच्या शाली आणि केळीचे घड

मी आयर्लंडला शेतीचं उच्च शिक्षण घ्यायला गेलो होतो आणि तिथल्या एकाही शेतात मी कधी पाय ठेवला नाही.

कॉलेजातही क्वचितच ठेवला. सकाळी अकराला उठायचं, संध्याकाळी एका हॉटेलात पिझ्झे भाजायचे आणि रविवारी म्हसावदजवळच्या आमच्या गावी बापूंना, म्हणजे वडिलांना, फोन करून 'अभ्यास फार आहे' असं सांगायचं, एवढाच माझा अभ्यास! बापू माजी सरपंच. मी निघालो तेव्हा त्यांनी मंडप घालून गावाकडून माझा सत्कार करवला होता. (शिकण्याआधीच सत्कार झालेला माणूस पुढे कशाला शिकेल?)

डिसेंबरात एकदा बापूंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दिवस कलत आलेला, बापू केळीच्या बागेत उभे आणि त्यांच्यामागे गावातले चार-पाच शेतकरी कान देऊन. इकडे मी रजईत.

"भाऊ, थंडी भलती पडी ऱ्हायनी. घड भरी नही ऱ्हायनात. तुन्हा कालेजम्हा काय सांगतस?"

तीस वर्षं केळी पिकवणारा माणूस मला विचारत होता! मी रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि गंभीरपणे म्हणालो, "घडांना ऊब द्या. लोकरीच्या कापडात गुंडाळा. इथे सगळे शेतकरी तेच करतात."

(खोटं बोलायचं असलं की मी पुस्तकी मराठीत शिरतो. आयर्लंडात केळीची बाग नसते, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.)

बापूंनी पडद्यावरची माझी रजई नीट निरखून पाहिली. मग मागे वळून म्हणाले, "आयकं का रे? मन्हा पोऱ्या शिकी ऱ्हायना तठे!"

आता एवढी लोकर आणायची कुठून? बापूंनी पेटी उघडली. सरपंचकीच्या काळात मिळालेल्या सत्काराच्या सगळ्या शाली घडांवर चढल्या. त्या पुरेनात, म्हणून आईने स्वेटर, मफलर आणि दोन माकडटोप्या दिल्या. शेवटच्या घडाला माझ्या निरोपाच्या सत्काराची शाल मिळाली. फोटो आला तेव्हा बागेत एखादं संमेलन भरल्यासारखं दिसत होतं. सगळे घड प्रमुख पाहुणे!

आठवडाभर दव पडलं आणि शालींचा रंग उतरला. हिरवे घड गुलाबी झाले, काही जांभळे. कापणीच्या दिवशी व्यापारी आला, बागेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बापू, ह्या घडेस्नं लगीन शे का?" ट्रक रिकामाच परत गेला.

त्या संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी बापूंच्या मागे कोणी नव्हतं, फक्त गुलाबी घड.

"भाऊ, तुन्हा सरले फोन दे. माले इचारनं शे."

आयर्लंडच्या थंडीत मला घाम फुटला. सर म्हणून उभा करावा असा माझा एक खोलीमित्र होता, पण तो बनियनवर मॅगी खात होता. मी बापूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभराची बाग माझ्या एका वाक्याने गेली होती. मला लाज वाटली, अगदी खरीखुरी.

"बापू," मी म्हणालो, "मी कालेजम्हा जातच नही."

"माले ठाऊक शे."

"मंग शाली कसाले गुंडाळ्यात?"

"बठ्ठा गावनी आयकं व्हतं, भाऊ. मीच तुन्हं नही आयकतू, ते गाव तुले काय म्हनतं?"

मी रडायला लागलो. त्या रडण्यात पुस्तकी मराठी कुठेच नव्हती.

मी पदवीविना घरी परतलो. परदेशातून आलेल्याचा सत्कार करायची गावाची रीत, त्यामुळे तोही झाला. बापूंनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. ओळखीची होती. रंग फिका पडलेला आणि मधोमध केळीच्या चिकाचा तपकिरी डाग.

तो डाग कशानेही निघत नाही. शेतीतली तेवढी एकच गोष्ट मला आज खात्रीने सांगता येते.