दिवाकररावांचं पोटॅशियम

सायकलवरचा माणूस पोटासाठी खात नाही, ध्येयासाठी खातो, असं आमच्या ठाण्याच्या सायकल क्लबाचे आहारप्रमुख दिवाकरराव नेहमी सांगतात. रानशेतजवळ त्या ध्येयाला ढेकर आली, त्याची ही हकिकत.

दिवाकररावांनी क्लबात ठराव मांडला होता. लांबच्या राइडवर घन आहार बंद, टपऱ्यांवर थांबणं बंद, जे काय लागेल ते बाटलीतून. डहाणूहून चारोटी, तलासरी, बोर्डी असा फेरा मारून ते स्वतः अंधार पडायच्या आत सायकलवर डहाणूला परतले, तर ठराव सगळ्यांवर बंधनकारक होणार होता. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. भजी खाताना अपराधी वाटू नये एवढ्याचसाठी मी सायकल चालवतो. तेव्हा माझं काय पणाला लागलं होतं, हे वाचकांनी ओळखलं असेलच.

थंडी सरत आली होती. डहाणू रोड स्टेशनजवळच्या लॉजमधून तांबडं फुटताना निघालो. चिकूच्या वाड्या अजून धुक्यात होत्या. दिवाकररावांनी बाटल्या हलवून पाहिल्या आणि ते थांबले. बाटलीत कालवायच्या, पोटॅशियमवाल्या परदेशी पावडरचा डबा ठाण्याला फ्रिजवर राहिला होता.

"हरकत नाही," ते म्हणाले. "निसर्ग हीच मोठी प्रयोगशाळा."

प्रयोगशाळा आशागडच्या पुढे ताडाखाली भेटली. एक बाई कॅन घेऊन बसली होती. कॅनमध्ये नीरा (रात्रभर मडक्यात जमलेला ताडाचा गोड रस, ऊन चढलं की हाच आंबून ताडी होतो).

"यात पोटॅशियम असतं ना?" दिवाकररावांनी विचारलं.

"आम्ही काय नाय घालत, भाऊ. झाडाचं हाय तसं हाय. प्या ना इथंच."

"इथं नको. बाटल्या भरून द्या. मी दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घेतो."

"आमचा माणूस पण तसंच सांगतो," बाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

ऊन चढल्यावर काय होईल, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आंबायला हवा लागते. माझी बाटली हवाबंद आहे." दोन्ही बाटल्या काळ्या होत्या, एक तर नीट धुतलेलीही नव्हती. सायकलच्या दांड्याला लावलेल्या त्या बाटल्यांवर ऊन पडत होतं आणि प्रत्येक खड्ड्यात त्या घुसळून निघत होत्या. दिवाकररावांना आंबवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सापडली होती, फक्त तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

रानशेतजवळ मनगटावरचं घड्याळ वाजलं. त्यांनी तोटी उघडली तर बाटली फुसफुसली.

"नैसर्गिक बुडबुडे," ते म्हणाले आणि त्यांना ती ढेकर आली. पुढच्या गजराला चव आंबटली. "व्हिटॅमिन सी." त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी घड्याळ वाजायची वाटच पाहिली नाही.

चारोटीला हायवेवर कढया चढल्या होत्या. फाफडा, जिलबी, मिरच्या तळल्याचा ठसका. नियम साक्षीदारालाही लागू होता. मी फाफड्याकडे पाहत पाणी प्यायलो. अशा क्षणी पाण्याला जी चव येते, ती कुठल्याही आहारतक्त्यात दिलेली नसते. डावीकडे महालक्ष्मीचा सुळका होता की उजवीकडे, हे मला आज आठवत नाही. जिलबी डावीकडे होती.

हायवेच्या कडेनं जाताना दिवाकरराव फुलले. उपाशीपोटी इतकी ऊर्जा त्यांना कधीच जाणवली नव्हती. प्रत्येक ट्रकला ते हात करत होते. मी त्यांना सख्ख्या भावासारखा आहे, असंही त्यांनी सांगितलं. एरवी ते मला 'भजीवाले' म्हणतात. मग त्यांना सरळ रस्ता अपुरा पडू लागला, तेव्हा मी त्यांना उतरवलं. तलासरीच्या बाजारात आम्ही दोन्ही सायकली ढकलतच शिरलो.

चहाच्या टपरीपुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी वास घेतला आणि सरकून जागा दिली.

"काय मास्तर, सकाळीच लावली का?"

"आजोबा, हे पोटॅशियम आहे," दिवाकरराव दुखावून म्हणाले.

"आसंल, आसंल. माझ्या व्याह्याला पण रोज लागतं पोटॅशियम. संध्याकाळी त्याला दोघं धरून आणतात."

टपरीवाल्यानं भज्यांचा घाणा काढला. दिवाकररावांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मला भजी पाहिजेत," ते म्हणाले. एवढं साधं, अर्थपूर्ण वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आजोबांनी फडक्यातली नागलीची भाकर मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिले. ठराव अशा रीतीनं त्यांच्याच दातांखाली सापडला.

मग ते बाकावर आडवे झाले. मी साक्षीदाराचं कर्तव्य म्हणून शेजारी बसून राहिलो आणि चहा पीत राहिलो. ऊन कललं तरी ते घोरतच होते. "मास्तरांची बॅटरी चार्जिंगला लागली," आजोबा म्हणाले आणि घरी गेले.

शेवटी डहाणूला जाणारा गवताचा टेम्पो मिळाला. भाऱ्यांवर सायकली, सायकलींशेजारी आहारप्रमुख. समुद्राचा वारा लागला तसे ते जागे झाले. "आपण सायकलवर आहोत का?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते आभाळाकडे बघत म्हणाले, "भाकर चांगली होती."

ज्या गावातून जायचं, तिथलं काही तोंडात न घालता निघून जाण्याला आपण शिस्त म्हणतो. घरी भिंतीकडे तोंड करून सायकल मारली, तरी ती पाळता येते.

क्लबाच्या बैठकीत दिवाकररावांनी काही लपवलं नाही. ताडाखालच्या बाईपासून गवताच्या टेम्पोपर्यंत सगळं सांगितलं आणि ठराव मागे घेतला. सभासद गंभीरपणे ऐकत होते. माझी भजी वाचली.

पुढच्या राइडला कधी न दिसणारे सभासदही आले. मार्ग आशागडवरूनच असावा, असा सगळ्यांचा आग्रह होता, आणि बाटल्या सगळ्यांनी रिकाम्या आणल्या होत्या.