पहिल्या पानावरचं घुमट

'इंटरनेटवर टाका, गिऱ्हाईक आपोआप येतं' असं अजूनही कुणी माझ्यासमोर म्हणालं, की माझं डोकं फिरतं. येतं हो, येतं. कसलं गिऱ्हाईक येतं ते मला विचारा!

आमचे हे पेडण्यातल्या पार्श्याला घरामागच्या खोपीत घुमटं करतात. डिचोलीच्या कुंभाराकडून मातीचं भाजलेलं भांडं आणायचं, त्याच्या रुंद तोंडावर कातडं ताणून बांधायचं, की गणपतीच्या चवथीला आरतीत वाजवायचं घुमट तयार. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. सासऱ्यांनी जन्मभर तेच वापरलं. घोरपड मारायला बंदी आली तरी चोरून चालायचंच. सासऱ्यांच्या मागे काम ह्यांच्या हातात आलं आणि ह्यांनी सांगून टाकलं, माझ्या खोपीत घोरपड येणार नाही, बोकडाचं कातडं घालीन. लोक काय हसले! भजनी मंडळात ह्यांनी घुमट मांडीवर घेतलं, की मागून कुणीतरी बकऱ्यासारखा ओरडायचा. हे मात्र पातळ कातडी शोधत फिरायचे, चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, बिघडली की फेकून परत दुसरी. वर्षं घालवली त्यात. शेवटी आवाज आला, आणि तेच हसणारे घुमट न्यायला दारात उभे राहिले. आमच्याकडे दुसरी इस्टेट नाही. ह्या माणसाकडे घोरपड मिळत नाही हे सगळ्या पेडण्याला माहीत आहे, एवढीच काय ती ह्यांची मिळकत.

मग मोप्याला विमानतळ आला, रस्ते आले, आणि बाजारात कुठून कुठून तयार घुमटंही आली. आमच्याकडची मागणी उतरली. मंडळातले म्हणाले, पणजीला एक पोरगा आहे, तो तुमची वेबसाइट करून सर्चमध्ये वर आणतो. गेलो दोघं बसने. त्याने आम्हाला एसीत कदेलींवर बसवलं, कॉफी दिली.

"काका, नुसती वेबसाइट असून भागत नाही. पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. मगच लीड येतात."

"लीड म्हणजे काय रे बाबा?" मी विचारलं.

"म्हणजे काकी, ज्याला खरंच घ्यायचंय आणि जो स्वतःहून विचारतो, तो."

ह्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली. "बोकडाचं कातडं, हे मोठ्या अक्षरांत घाल."

"हो काका, हो." तो संगणकावरून मान वर न करता म्हणाला. आमची खोप बघायला तो कधी आला नाही. फोटो फोनवर मागवले आणि सगळं इंग्रजीत लिहून टाकलं. आम्हाला कुठे वाचता येतंय! आम्ही फक्त फोटो बघितले.

फोन मात्र सुरू झाले. सकाळी पोदेर पाव घेऊन यायच्या आत पहिला फोन. "घोरपडीचं आहे ना?" नाही म्हटलं की कट. दुसरा, तिसरा, सगळ्यांचं तेच, आणि तेही हळू आवाजात. हे बिचारे एकेकाला समजावत बसायचे, की बोकडाचं ऐकून तरी बघा. कोण ऐकतंय? मी पणजीला फोन लावला, तर तो पोरगा खुशीत. "काकी, लीड किती वाढल्या बघितलंत?"

शिरा पडली तुझ्या लीडांवर!

आणि चवथ तोंडावर आलेली असताना वनखात्याची जीप अंगणात आली. साहेबाने फोनवर आमचंच पान उघडलं, ह्यांचाच हसरा फोटो दाखवला आणि खालची ओळ मराठीत करून सांगितली. 'घोरपडीच्या कातड्याचं अस्सल घुमट शोधताय? पेडण्यात या.' कुणी प्राणीप्रेमींनी ते वाचून तक्रार केली होती. साहेबाच्या माणसांनी खोप उलथीपालथी केली. मिळालं काय, बोकडाची कातडी आणि चुन्याची बालदी. तरी तयार घुमटं तपासणीला म्हणून उचलून नेली. सणाची सगळी. शेजारी कुंपणाला टेकून बघत होते. हे खोपीच्या दारात नुसते उभे होते, मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पणजीला गेले. कॉफी नको म्हटलं.

"काकी, शांत व्हा. लोक हेच शब्द टाकून शोधतात. बोकडाचं घुमट कोण शोधतो, सांगा? आणि तुम्ही ते विकता असं मी कुठे लिहिलंय? फक्त विचारलंय, शोधताय का. एकदा पानावर आले की खाली बोकडाचं लिहिलंय की."

"मेल्या, तुझ्या बापाचा फोटो लाव ना त्याच्यावर!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतल्या मुली बाहेर आल्या. त्याला राग आला नाही, लाज वाटली नाही. ती ओळ त्याने माझ्यासमोर पुसली आणि म्हणाला, आता रँकिंग खाली जाईल, मग मला बोलू नका.

तपासणीत बोकडाचंच निघालं. निघणारच होतं. साहेबाने घुमटं परत दिली, वर सॉरीसुद्धा म्हणाला. चवथ उद्यावर आली होती. मला वाटलं, चला, सुटलो.

त्या संध्याकाळी मंडळातला ह्यांचा जुना दोस्त आला. एका शाळेत गेलेले, एका पाटावर आरत्या म्हटलेले. मंडळात बकऱ्यासारखा ओरडायचा तो हाच, आणि बोकडाचं पहिलं घुमट मागून नेलं तेही ह्यानेच. पुढच्या दाराने न येता मागीलदारी आला. मी चुलीपाशी होते. इकडेतिकडे बघून ह्यांना म्हणाला, "त्यातलं एक ठेवलंयस ना रे आमच्यासाठी?"

"कशातलं?"

"अरे, इंटरनेटवर होतं ते."

ह्यांनी त्याचा हात धरून त्याला खोपीत नेलं, चुन्यातून बोकडाचं ओलं कातडं काढलं. अर्धे केस अजून तसेच होते. ते त्याच्या तळव्यावर ठेवलं. "बघ. हात लावून बघ."

त्याने हात लावला, हसला आणि ह्यांच्या खांद्यावर थाप मारली. "शाबास! बाहेरच्यांना असंच दाखवायचं."

मी लाटणं घेऊन धावले त्याच्या अंगावर, तो कुंपणावरून उडी मारून पळाला. परत आले तर हे खोपीत खाली बसले होते, ते कातडं मांडीवर, लुंगीवर चुन्याचं पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी आरतीला आमच्या घरात घुमट वाजलं नाही. ह्यांनी टाळ्या वाजवल्या.