संक्रांतीची मोटार आणि भीमेची वाळू

सासूबाईंनी तोवर मोटारीत पाय ठेवला नव्हता. आळंदच्या बाहेर जायचं तर बैलगाडी, आणि तेही क्वचित. म्हणून संक्रांत तोंडावर आलेली असताना त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, "औंदा भीमेला न्हायला जाऊ. मोटारीनं," तेव्हा माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. सासरे ओसरीवर पान लावत होते. त्यांनीही मान हलवली. संक्रांतीच्या स्नानाला नाही कोण म्हणणार?

आमचं आळंद हैदराबाद संस्थानात; माझी धाकटी जाऊ भीमेपलीकडची, इंग्रजी मुलखातली. तिच्या लग्नात विहिणींच्या पंगतीला सासूबाईंच्या पाटापुढे रांगोळी काढायची राहून गेली. तेवढ्यावरून आमच्याकडची माणसं ताटावरून उठली, शब्दाला शब्द वाढला. तिच्या वडिलांनी सगळ्यांदेखत सांगितलं की या सोयऱ्यांचा उंबरा मी चढणार नाही. सासऱ्यांनी घरी आल्यावर नव्या सुनेला बजावलं, "त्या घराचा उंबरा शिवलीस तर ह्या घराचा उंबरा तुला बंद."

तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. बाळंतपणही आमच्याकडेच झालं, पोरगा पावलं टाकू लागला. दीर हैदराबादेत नोकरीला होते. सणाला यायचे आणि वडिलांपुढे गप्प बसायचे. त्या हिवाळ्यात बांगड्या भरायला येणाऱ्या म्हाताऱ्या कासारानं निरोप आणला की तिच्या आईची नजर जायलीय, दिसतंय तोवर नातवाचं तोंड बघायचंय. जाऊ सासऱ्यांच्या पाया पडली. ते उठून दुकानात निघून गेले.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. तरी या निरोपाचा आणि भीमेच्या स्नानाचा काही संबंध असेल हे माझ्या मनात आलं नाही. माझं डोकं सामानात होतं. कुठंही निघायचं तर मी आधी यादी करते. तेव्हा बोटांवर करत असे. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, शेंगांच्या पोळ्या, भरली वांगी, गाडग्यात दही, अंगाला लावायला वाटलेले तीळ, कोरडी लुगडी, पोराचं टोपडं. दुकान बघायला माझे यजमान घरी राहिले.

मोटारीत बायकांची जागा मागं, मधे जाडजूड पडदा. सासरे पुढं बसले. गाडी सुरू झाली तशा सासूबाईंनी एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं खिडकीचा गज धरला.

"ही एवढी हादरायली कामून? मोडलीय काय?"

पडद्यापलीकडून कंडक्टर म्हणाला, "अम्मा, मोटार ऐसीच चलती."

"मग आमच्या बैलांनी काय घोडं मारलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. बायका हसल्या. जाऊ हसली नाही. तिला मोटार लागली असेल असं समजून मी तिच्या हातात लिंबू दिलं.

आम्ही काळ्या मातीतली माणसं. पावसात चिखल आणि उन्हात भेगा, जमीन म्हणजे आम्हाला एवढंच ठाऊक. मोटार नदीकाठच्या गावाशी थांबली, आम्ही उतरून दरड उतरलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. नजर जाईल तिथवर वाळू. ना खडा, ना काटा, ना ढेकूळ. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. नदी म्हणून मी जिचं नाव ऐकलं होतं ती पार पलीकडे, निळ्या लुगड्याच्या काठासारखी. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की एवढ्या वाळूत अख्ख्या आळंदची भांडी घासून निघतील.

दोन्ही काठांची माणसं उतरली होती. तीळ लावून आमची स्नानं झाली, सासरे वरच्या अंगाला न्हाऊन आले. मी घोंगडी अंथरून भाकऱ्या सोडल्या. तेवढ्यात समोरच्या उतारानं कासार पाण्यातून येताना दिसला. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, एका हातात काठी, आणि दुसऱ्या हाताला धरून एक बाई. संक्रांतीला बांगड्या खपतात, म्हणून तो आला असेल असं मला वाटलं. मग जाऊ उभी राहिली. तिच्या मांडीवरची भाकरी वाळूत पडली.

ती तिची आई होती.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई वांग्याचं देठ काढत होत्या.

"असं काय बघायलात?" त्या म्हणाल्या. "हितं कुणाचा उंबरा हाय? दावा बरं."

चुलीपुढं बसून, कासाराला हाताशी धरून, या बाईनं हे सगळं जुळवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. सासरे उठले, आमच्याकडे पाठ करून जरा लांब जाऊन बसले. पण 'चला' म्हणाले नाहीत.

जावेनं पोराला आईसमोर उभं केलं. आईनं त्याला तिळगूळ द्यायला हात पुढं केला, तो त्याच्या कपाळाला लागला. मग नाकाला. मग तिनं चाचपत त्याचं तोंड शोधलं. निरोप होता नजर जायलीय असा. नजर गेलेली होती.

"अव्वा, तुला दिसायलंय न्हवं?" जावेनं विचारलं.

"उजेड कळतोय," आई म्हणाली. "पोरगं तुझ्यावाणी गोरं हाय का गं?"

पोरगं सावळं होतं. जाऊ म्हणाली, "व्हय."

सासूबाईंच्या हातातलं वांगं खाली गेलं. एवढं त्यांनाही कासारानं सांगितलं नव्हतं. आईनं पोराचे कान, हात, पायाची बोटं एकेक करून चाचपली. पोरगं रडायला लागलं तरी ती थांबली नाही.

उन्हं कलली. दरडीवरून मोटारीचा भोंगा वाजला; परतीची ती एकच गाडी. मी भराभर गाठोडी बांधली. जावेनं पोराला कडेवर घेतलं, त्याचं टोपडं बांधलं आणि मला म्हणाली, "अक्का, मी मोटारीत बसणार न्हाई. आईसंगं जायलेय. तिला कोण करतंय घरात?"

"अगं, परत कुठं येशील मग?" मी म्हणाले.

"ते ठावं न्हाई."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भेट ठरवली होती, हे ठरवलं नव्हतं. जाऊ सासऱ्यांच्या पाठीमागं वाकली, वाळूलाच नमस्कार केला आणि पाण्यात शिरली. पुढं काठीनं तळ चाचपत कासार, त्याच्या हाताला आई, मागं ही. मधल्या धारेत पाणी मांडीला लागलं, ओलं लुगडं पायात गुंडाळलं आणि ती हेलपाटली.

सासरे उठले. पायातल्या वहाणा तिथंच टाकून ते सरळ पाण्यात गेले. ते तिला दंडाला धरून ओढत आणणार, असंच मला वाटलं. सासूबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या पाण्याच्या कडेपर्यंत धावल्या. सासऱ्यांनी तिच्या कडेवरचं पोरगं उचललं, आपल्या खांद्यावर बसवलं आणि पुढं चालू लागले. पलीकडच्या वाळूत तिचे वडील उभे होते. सकाळपासून ते तिथंच उभे असावेत, इकडं उतरले नव्हते. सासऱ्यांनी पोरगं खांद्यावरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. दोघं काही बोलले की नाही ते मला इतक्या लांबून कळलं नाही, आणि पुढंही कुणी सांगितलं नाही.

ते मांड्यांपर्यंत भिजून परत आले. वहाणा हातात घेऊन दरड चढले, मोटारीत आपल्या जागेवर जाऊन बसले. पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघी, मधे जावेची रिकामी जागा.

कंडक्टरनं डोकावून पाहिलं. "दो सवाऱ्या कम हैं. किधर गये?"

"माहेरी गेलेत," सासरे पडद्यापलीकडून म्हणाले. "उन्हाळ्यात येतील. तवा त्यांची जागा धरून ठेव."

सासूबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मोटार हादरत निघाली. गज धरायचं त्या विसरून गेल्या होत्या. मीच त्यांचा दंड धरून बसले.