आहेराची किसणी

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. हिवाळा सुरू होता आणि आमच्या पलटणीतल्या मूठभर जवानांना उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर चढवलं होतं. मी तेव्हा नाईक होतो. राहणार कुरुंदा, तालुका वसमत. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. घरी पत्र लिहिताना मी अजून परभणी लिहायचो आणि मग खोडायचो. पोस्टवर दोन फायबरचे हट, एक बंकर आणि एक हेलिपॅड. बाकी सगळा बर्फ.

गावात कुणी भेटलं की विचारतं, "फौजी, किती मारले?" त्या पोस्टवर आम्ही एकही गोळी चालवली नाही. आमची लढाई बटाट्याशी होती. नोकरी संपवून घरी आल्यावर एकदा मुलाकडे गेलो होतो. सुनेनं चीज किसायला नवी किसणी आणली होती. ती म्हणाली, "बाबा, ही तेवढ्याच कामाची." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

शंकर आडे आमच्या सेक्शनमध्ये शिपाई होता. सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळ त्यांचा तांडा. बाप लहानपणीच गेलेला. घरी याडी, म्हणजे आई, आणि धाकटी बहीण सुरेखा. शंकर एक नंबरचा बडबड्या. बोलणं थांबलं की गाणं सुरू. गडी असा की मढ्यालाही हसवेल. एका जिल्ह्याचे म्हणून आमची जोडी जमली. तो मला उस्ताद म्हणायचा, फौजेत वरच्याला म्हणतात तसं.

होळीनंतर सुरेखाचं लग्न ठरलं होतं आणि त्याची छुट्टी मंजूर होती. खालच्या कँटीनमधून त्यानं तिच्या आहेरासाठी स्टीलची किसणी घेतली. ताट-तांबे, हंडे-घागरी सगळे देतात, किसणी कुणाला सुचत नाही, असा त्याचा हिशोब. ती वर पोस्टवर का आणली, तर नाव घालायला.

"उस्ताद, तुमचं अक्षर बराबर हाय. हिच्यावर नाव टाकून द्या."

"काहून? हिंगोलीत दुकानदार मशीननं टाकून देतो की."

"दुकानदार काय माझा दोस्त हाय? तुमीच टाका."

आमच्याकडे भांड्यावर नाव पाहिजेच. नाही तर पंगतीत कुणाचं भांडं कुणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही. मी खिळा आणि हातोडी घेऊन बसलो. किसणीच्या कडेच्या सपाट पट्टीवर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उठवली, 'सुरेखा हिस, भाऊ शंकरकडून'. हातमोजे घालून खिळा धरता येत नव्हता आणि काढले की बोटं बधिर व्हायची. 'शंकर' जरा तिरका गेला. त्यानं किसणी लोकरी मोज्यात घालून बॅगेच्या तळाला ठेवली.

मग हवामान बिघडलं. हेलिकॉप्टर बंद, रसद बंद. रॉकेल पुरवून वापरा, असा हुकूम आला. तिथे सगळंच गोठायचं. बटाटा म्हणजे नदीतला गोटा. चाकूचं पातं तुटलं. हातोडीनं फोडला तर अर्धा बटाटा हटभर उडायचा आणि उरलेला शिजायला रॉकेल खायचा. आमचे पोस्ट कमांडर सुभेदार माने साहेब साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. एका सकाळी ते म्हणाले, "शंकर, ती किसणी काढ."

"साहेब, आहेराची हाय. वापरली तर उष्टी व्हते."

"मी नवी घेऊन देतो. माणसं कच्चं खातायत."

साहेबांनी हुकूम दिला असता तर विषय संपला असता, पण त्यांनी तो दिला नाही. शंकरनं थोडा वेळ विचार केला आणि किसणी काढली. पहिला बटाटा स्वतः किसला. त्यातला चिमूटभर कीस हट तापवायच्या बुखारीच्या विस्तवात टाकला आणि हात जोडले.

"आता देवाची उष्टी झाली," तो म्हणाला. "मानसाला चालते."

त्या दिवसापासून ती किसणी पोस्टची झाली. किसलेला बटाटा झटक्यात शिजायचा. अंडी गोठून गारगोट्या झाली होती, ती सोलून किसली की भुर्जी. कांदा, गूळ, गोठलेलं सफरचंद, सगळं तिच्यावर. कपड्याचा साबण किसला तर कोमट पाण्यात विरघळायचा, नाही तर वडी घासून हात झिजायचे. मेणबत्तीची बुडखं किसून पॉलिशच्या डबीत भरली, सुतळीची वात घातली की बोटं शेकायला चूल तयार. तेच मेण स्लेजच्या बुडाला घासलं की स्लेज सुळकन पळायची. रेडिओ सेटच्या बॅटरीवर पांढरं किटण चढलं की तेही तिच्याच दातांनी खरवडायचो. एकदा शंकरनं टाचेच्या भेगा घासायला घेतली, तेव्हा माने साहेब ओरडले, "अरे, त्यावर जेवतो आपण!" पूर्ण हिवाळ्यात साहेबांचा आवाज तेवढाच चढला.

संध्याकाळी जेवण झालं की शंकर किसणी मांडीवर घ्यायचा, चमचा खालीवर ओढायचा आणि लेंगी म्हणायचा. लेंगी म्हणजे तांड्यावरची होळीची गाणी. खर्र-खट, खर्र-खट. आमचा नर्सिंग असिस्टंट थॉमस केरळचा. त्याला एकही शब्द कळत नव्हता, पण तोही मान डोलवायचा.

माझ्याकडे हळकुंडं होती. आई दर सुट्टीला बॅगेत एक थैली कोंबायचीच. रोज एक हळकुंड कोमट पाण्यात भिजवायचं, किसायचं आणि दुधाच्या पावडरीत घालून सगळ्यांना प्यायला द्यायचं. शंकर म्हणायचा, "कुरुंद्याचा मानूस जीव सोडंल, हळदीची थैली न्हाई सोडणार."

एक दिवस शंकर बोलला नाही. मला आधी त्याचा खोकला नाही, त्याचं गप्प बसणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तो बसून झोपला, आडवं पडलं की दम लागत होता. थॉमसनं छातीला नळी लावून ऐकलं आणि माने साहेबांना बाजूला घेतलं. फुफ्फुसात पाणी. उंचीवरचा आजार. औषध एकच, खाली नेणं. पण खाली जाणारी दोरांची वाट कोसळलेल्या हिमकड्यानं नेली होती. ऑक्सिजनचे सिलिंडर थोडे होते. माने साहेबांनी रेडिओ सेट उचलला; आमची पोस्ट ईगल, खालचा तळ टायगर.

"टायगर, हे ईगल. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर अर्जंट. ओव्हर."

"ईगल, हवामान खराब. वेट. ओव्हर."

तेच उत्तर पुन्हा पुन्हा यायचं. मी त्याच्या उशाशी बसून सफरचंद किसायचो आणि दुधात कालवून चमच्यानं भरवायचो. मला त्याची भीती वाटत होती. त्याची म्हणजे, त्याच्या गप्प चेहऱ्याची.

"उस्ताद, सुरेखाची किसणी झिजवून टाकान तुमी."

"झिजली तर नवी घेऊ."

"नवी न्हाई. तिला म्या हीच देनार. माझ्या हातानं."

तेवढ्या बोलण्यानं त्याला दम लागला. मी म्हणालो, "तूच दे. आता गप पड."

मग एका सकाळी ढग फाटले. थोडा निळा तुकडा दिसला. रेडिओवर निरोप आला की हेलिकॉप्टर निघालंय. आम्ही शंकरला स्लीपिंग बॅगसकट स्लेजवर बांधलं आणि हेलिपॅडच्या कडेला नेलं. हेलिपॅड दिसतच नव्हता. रात्रीच्या बर्फानं तो झाकला होता, खुणेची लाल कापडं वाऱ्यानं केव्हाच नेली होती. धुराचा शेवटचा डबा पेटला नाही. हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालू लागलं.

"ईगल, पॅड दिसत नाही. खाली सगळं पांढरं. जमीन कुठे आहे कळत नाही. ओव्हर."

"वेट. खूण करतो. ओव्हर."

"तेल कमी आहे. एक चक्कर मारून येतो. तेवढाच वेळ. ओव्हर."

खुणेला चहाचं पाणी ओतलं, ताज्या बर्फानं ते पिऊन टाकलं. रंगीत सरबताची पावडर केव्हाच संपली होती. माने साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, हळद."

थैली आणली. हातोडीनं ठेचली तर तुकडे उडाले आणि बर्फात बुडाले. तुकड्यांचा उपयोग नव्हता, पूड पाहिजे होती. मग किसणी. वाळलेलं हळकुंड म्हणजे हाड. एकानं किसणी जेरीकॅनवर दाबून धरायची, दुसऱ्यानं अंगाचं वजन टाकून किसायचं, दमला की तिसऱ्यानं. हातमोजे फाटले, बोटांची सालं निघाली. कुणाचं रक्त किती आणि हळद किती, बघायला वेळ नव्हता. थॉमस कोमट पाणी आणायचा, मी त्यात पूड कालवून तांब्यानं शिंपडायचो. आधी गोल, मग मधे मोठा एच. माने साहेब स्वतः किसत होते. त्यांच्या हातून किसणीचे तीन दात वाकले.

शंकरनं मान वळवून पाहिलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"उस्ताद," तो म्हणाला, "कुरुंदा दिसून राहिलं."

आमच्याकडे हळद काढून, शिजवून वावरात वाळत घालतात. सगळं वावर पिवळं दिसतं. त्यानं ते एकदाच पाहिलं होतं, माझ्या घरी आला होता तेव्हा. मी मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला.

"ईगल, पिवळा दिसला. उतरतोय."

हेलिकॉप्टर खाली आलं तशी पंख्याच्या वाऱ्यानं न भिजलेली पूड उडाली. आम्ही सगळे पिवळे झालो. शंकरचं कपाळ, भुवया, गळा, सगळं पिवळं. मास्कच्या आत तो हसत होता, हे डोळ्यांवरून कळलं. आत ठेवताना त्यानं माझी बाही धरली. पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण काय विचारतोय ते मला माहीत होतं.

"किसणी मी आणतो," मी ओरडलो. "तू हो पुढं!"

दुपारी मी हटमध्ये बसून काडीनं किसणीच्या भोकांतली हळद काढत होतो. रेडिओ वाजला.

"ईगल, तुमची कॅज्युअल्टी हॉस्पिटलला पोहोचण्याआधी गेली. ओव्हर."

माने साहेबांनी सेट तोंडाशी धरला. मग म्हणाले, "रॉजर. आऊट."

फौजी रडत नाही असं लोक समजतात. मी रडलो. थॉमस रडला. माने साहेब बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी हातातली काडी टाकून दिली. भोकांत राहिलेली हळद तशीच राहू दिली.

वाट खुली झाल्यावर आम्ही खाली उतरलो आणि मी सुट्टी घेऊन साखऱ्याच्या तांड्यावर गेलो. शंकर माझ्या आधीच तिथे पोहोचला होता, तिरंग्यात. शाळेच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला होता. लग्न पुढे ढकललं होतं. याडीनं मला पाणी दिलं आणि एकच विचारलं.

"लेकराला तकलीफ झाली का?"

"न्हाई, याडी," मी म्हणालो. फौजेत खोटा रिपोर्ट देणं गुन्हा आहे. हा रिपोर्ट मी आजही बदलणार नाही.

मोज्यातून किसणी काढून सुरेखाच्या हातात दिली. तिनं नावावरून बोट फिरवलं. तिरक्या 'शंकर'वर बोट थांबलं. तिचा मामा बाजेवर बसला होता. भला माणूस, रीत सांभाळणारा. तो म्हणाला, "पोरी, दात वाकलेत, पिवळी झाली. ही आहेरात कशी मांडावी? अन् मांडायचीच आसंल तर हिंगोलीला नेऊन नावाच्या म्होरं 'कै.' टाकून आनू. तशी रीत हाय."

सुरेखा रडत नव्हती. तिनं किसणी पदराखाली घेतली.

"काहून टाकायचं?" ती म्हणाली. "दिली तवा दादा जिता व्हता."

मामानं मान खाली घातली. मीही घातली.

पुढच्या वर्षी लग्न झालं. मी खास सुट्टी काढून गेलो. आमच्याकडे आहेर माईकवर पुकारतात, कुणी काय दिलं ते साऱ्या मांडवाला कळावं म्हणून. मामाच पुकारत होता. हंडा पुकारला, घागर पुकारली, ताटं पुकारली. मग त्यानं किसणी उचलली. ती घासून लख्ख करायला सुरेखानं कुणाला हात लावू दिला नव्हता, भोकं पिवळीच होती. मामा थांबला. माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सुरेखा हिस," त्यानं लिहिलं होतं तसंच वाचलं, "भाऊ शंकरकडून. किसणी एक."

फौजेत नाव पुकारलं की उत्तर द्यावं लागतं. मी उभा राहिलो, सावधान झालो आणि मनातल्या मनात म्हणालो, "हाजिर."