जैनाबीच्या गिरणीतली एक चूक

दौंडच्या एसटी स्टँडवर मी बहिणीची वाट बघत उभी होते. शिरूरहून आलेल्या गाडीतून ओळखीचे कंडक्टर उतरले, मला बघून थबकले आणि म्हणाले, “बाई, तुमच्या जैनाबी गेल्या. परवा सकाळी. गिरणी चालूच व्हती…” पुढे ते काय बोलले ते मला आठवत नाही. बहीण आली, तिची पिशवी मी हातात घेतली आणि घराकडे चालू लागले. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. तेव्हापासून हे लिहायचं ठरवते आहे आणि टाळते आहे. टाळण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

स्वातंत्र्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली गोष्ट. मी शिरूरला, म्हणजे त्या वेळी सगळे म्हणत त्या घोडनदीला, मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले होते. राहायला खोली मिळाली ती नेमकी पिठाच्या गिरणीला लागून. दिवसभर इंजिनाचा ठोका, भिंतीला हादरे आणि उशीवरसुद्धा पिठाचा पातळ थर. पहिल्याच आठवड्यात मी तावातावाने तक्रार करायला गेले, तर पुढ्यात एक ठेंगणी, सावळी बाई. पदर खोचलेला, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. तिने माझं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इंजिनाला गप बस म्हनता येत न्हाई, बाई. पर तुमचं दळन मी आधी काढून दीन. चालंल?” भांडायला गेलेली मी दुसऱ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन गेले. मैत्री झाली ती अशी.

नवरा गेल्यावर जैनाबींनी गिरणी स्वतः चालवायला घेतली होती. इंजिनाचं हँडल त्या दोन्ही हातांनी फिरवत. गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावणारा कारागीर बाईच्या गिरणीत यायला कुरकुर करू लागला, तेव्हा त्यांनी छिन्नी-हातोडी आणली आणि वरचा दगड उलटा करून स्वतःच टाकी लावली. पहिल्या खेपेला पिठात कचकच आली. ते सगळं पीठ त्यांनी घरी खाल्लं, दोन महिने, आणि माझ्यादेखत कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यांचे धाकटे दीर कादरभाई बाजारात सांगत फिरायचे की बाईमाणसाच्या हाती इंजिन टिकायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला होता : एक वर्ष बघू. गिऱ्हाईक टिकलं तर गिरणी जैनाबींची, तुटलं तर चावी कादरभाईंकडे. वर्ष दिवाळीला भरणार होतं. पदरात सात वर्षांची हलीमा, आणि गिरणीशिवाय दुसरा आधार नाही.

नवरात्राच्या आदल्या दिवशी जैनाबी फक्त उपासाचं दळत. वरई, राजगिरा, शिंगाडा. त्यासाठी सकाळी गिरणी बंद करून दगड झाडायच्या, धान्य ओतायचं चाडं पुसायच्या, स्वतःच्या घरची मूठभर वरई दळून ती टाकून द्यायच्या. पीठ डब्यात पडतं तिथे कापडाची लांब बाही बांधलेली असते. तीसुद्धा उपासाची वेगळी. दोन्ही बाह्या मांजरपाटाच्याच, पण उपासाच्या बाहीच्या तोंडाला तांबड्या दोऱ्याची शिवण. एका मुसलमान बाईच्या गिरणीत गावातल्या बायका नवरात्राचं दळण आणत होत्या ते या शिस्तीवर विश्वास ठेवून. हे जैनाबींना पक्कं ठाऊक होतं. मला मात्र तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी मदतीला गेले. मदत कसली, लुडबुड. त्या इंजिनात तेल घालत होत्या. आतून म्हणाल्या, “बाई, तेवढी बाही बांधा.” मी खुंटीवरची बाही काढली आणि बांधली. दोऱ्याकडे बघितलंही नाही. कुणाची तरी चेष्टा करण्यात दंग होते. त्या वर चाड्यात धान्य ओतत होत्या, बाहीखालचे डबे मीच सरकवत होते. अकरा घरचं दळण झालं, डबे भरून गेले. दुपारी जैनाबी परसात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांबड्या दोऱ्याची बाही होती. दोरीवर वाळत घातलेली, कोरडी, स्वच्छ. मी बांधली होती ती रोजची. तिच्या शिवणीत महिनाभराची बाजरी बसलेली.

मी म्हणाले, “जैनाबी, चिमूटभर तर गेली असेल. कुणाला कळणार आहे?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “आपल्याला कळलंय न्हवं.” त्यांनी इंजिन बंद केलं, पदर झटकला, डोक्यावर घेतला. मी म्हणाले, मी येते, मीच सांगते माझ्या हातून झालं म्हणून. “तुम्ही या. पर बोलायचं न्हाई. गिरनी माझी हाय. तुमचं नाव घेतलं तर लोक म्हनतील, चूक मास्तरणीवर ढकलली.” हे बोलणं पटलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते.

अकरा घरं फिरलो. प्रत्येक दारात उभं राहून त्या एकच सांगत : “बाजरीची बाही लागली व्हती. ते पीठ उपासाला घेऊ नका. सांजच्याला दुसरं आनून देते.” कुणी बरं म्हणालं, कुणी कपाळाला हात लावला. वाणी आळीतल्या आक्कांनी मात्र डब्यातलं पीठ तिथेच गाईपुढे ओतलं आणि म्हणाल्या, “ह्यापुढं मी माझं जात्यावर दळीन.” जैनाबी “बरं” म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या. दिवेलागणीपर्यंत त्यांनी स्वतः आणलेली वरई आणि राजगिरा दळून अकराही घरी पोचवला होता, आक्कांच्याही. परतलो तेव्हा कादरभाई गिरणीच्या पायरीवर बसलेले. “झालं न्हवं आता, भाभी? द्या चावी.”

“दिवाळीला या,” जैनाबी म्हणाल्या.

नवरात्रात गिरणी ओस पडली. दिवसाला दोन-तीन डबे. त्या मात्र रोज वेळेवर दार उघडत, दगड झाडत आणि बसून राहत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का ज्वारी घेऊन आल्या. घरच्या जात्याने त्यांचे खांदे भरून आले असावेत, पण तसं त्या कशाला कबूल करतील! “आधी ती बाही दावा,” म्हणाल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मला अपमान वाटला. जैनाबींनी बाही सोडली, उलटी केली, आक्कांसमोर झटकली आणि पुन्हा बांधली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकीला त्यांनी न मागता तसंच करून दाखवलं. दिवाळीपर्यंत रांग रस्त्यावर आली. कादरभाई आले, रांग बघून तसेच परत फिरले. चावी त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही.

लग्नानंतर मी दौंडला आले. भेटी कमी झाल्या. प्रत्येक भेटीत मी ठरवायचे की आज गावात खरं काय ते सांगून टाकू, आणि प्रत्येक वेळी जैनाबी चहा पुढे करून विषय बदलायच्या…

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी शिरूरला गेले. आत बायका चटईवर बसल्या होत्या. आक्काही होत्या, आता पार वाकलेल्या. त्या म्हणाल्या, “उभ्या जन्मात एकदाच चुकली बिचारी. पर सांगाया आली.” सगळ्यांनी माना हलवल्या. मग मात्र मला राहवलं नाही. “आक्का, ती चूक त्यांची नव्हती. बाही मी बांधली होती,” मी मोठ्याने म्हणाले. हलीमा माझ्याकडे बघत राहिली. तिलाही आईने कधी सांगितलं नव्हतं. आक्कांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “असंल. आमच्या दारात बोलली ती तीच.”

खोलीत त्या दिवशी आठ-दहा बायका होत्या. गाव त्याहून पुष्कळ मोठं आहे, म्हणून हे लिहिते आहे. गिरणी आता विजेवर चालते आणि हलीमा चालवते. शिरूरला गेलात तर तिथे जरूर जा, आणि कुणी म्हणालंच की जैनाबी एकदा चुकली होती, तर त्याला सांगा, ती बाही मास्तरणीने बांधली होती.