खळ्यावरची मेजर

परवाच्या रविवारी कैनाडच्या शेतात आमची ‘मेजर’ झाली. हो, गोल्फमधली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणतात तीच! डहाणूत गोल्फ कोर्स कुठे, असं विचारू नका... भात कापून झालं की रिकामं शेत हाच आमचा कोर्स.

आम्ही नऊ रिटायर्ड मंडळी. बहुतेक शिक्षक आणि रेल्वेवाले, शिवाय चिकूवाडीवाले मनुभाई. त्यांच्या मुलाने परदेशातून जुन्या स्टिक्स पाठवल्या आणि आम्हाला या वयात हे वेड लागलं. तीन शेतांतून तीन ठिकाणांहून बॉल मारायचा, पण होल असतो ती गुळगुळीत जागा, म्हणजे ग्रीन, मात्र एकच... सुनंदाचं खळं.

सुनंदा माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. शेत तिचंच. भात झोडायला ती दरवर्षी जमीन चोपून, शेणाने सारवून खळं तयार करते आणि झोडणीच्या आधीचा एक रविवार आम्हाला देते. अट एकच, खळ्यावर चप्पल-बूट घालून यायचं नाही. त्यामुळे आमचं पटिंग (बॉल हलकेच ढकलून होलमध्ये घालणं; एक ढकलणं म्हणजे एक ‘पट’) अनवाणी चालतं.

यंदा कोर्स लावायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. टीव्हीवरच्या मेजर बघून माझं ठाम मत झालंय, की मेजरचा कोर्स घाम फोडणाराच हवा. नावाजलेले खेळाडू कुरकुर करायला लागले की मला आतून फार बरं वाटतं... गणिताचा मास्तर ना मी!

मागच्या वर्षी तर जो तो दोन पटमध्ये बॉल डब्यात घालत होता. (होल म्हणजे आमचा जमिनीत पुरलेला पत्र्याचा डबा.) ही काय मेजर झाली? म्हणून मी सुनंदाला सांगितलं, यंदा तीन वेळा सारव, आणि वरून काचेची बाटली फिरवून चांगलं घोटून काढ.

ती म्हणाली, “सर, एवढं गुळगुळीत नका करायला लावू. झोडताना दाणा घसरून बाहेर जातो.” मी म्हटलं, अगं, इथे दाणा कुठे आहे, बॉल आहे! मग तिने मी सांगितलं तसं केलं. खळं असं चकाचक झालं की माझा मलाच अभिमान वाटला.

रविवारी सकाळी खेळ सुरू झाला आणि माझी पंचाईत झाली. बॉलला नुसता स्पर्श केला की तो डब्याशेजारून सरळ पलीकडच्या धसकटांत! तिथून परत मारला की अलीकडच्या धसकटांत. पहिल्या तासाभरात एकाचाही बॉल डब्यात गेला नाही. मनुभाई अकरा पट मारून थकले.

सुरुवातीला हसणारी मंडळी हळूहळू घड्याळं बघायला लागली... आणि ते मला जास्त टोचलं. आमच्यातले दोघे गेल्या वर्षीच गळाले होते. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. आणखी दोघे गेले की आमचा रविवार कायमचा संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मनुभाईंनी बूट घातले, स्टिक बॅगेत टाकली. “मास्तर, हा गोल्फ आहे की सर्कस? मी तर चाललो घरे.” त्यांच्यामागे आणखी दोघे उठले. खरं सांगतो, रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात सुनंदा बादली घेऊन आली. “मी तेव्हाच बोलली होती ना, सर? थांबा जरा, मनुभाई. भाकरी खाऊन घ्या तोपर्यंत.” आणि साडीचा पदर खोचून ती खळ्यावर बसली. या वेळी घोटणं नाही, बाटली नाही... नुसता पातळ सारवा, आणि बोटांचे अर्धगोल वळसे, एकाला एक लागून. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात ते हात बघत बसलो. उन्हात खळं वाळायला तासभर लागला.

मग खेळ पहिल्यापासून सुरू केला, आणि काय सांगू महाराजा! बॉल त्या वळशांवरून असा सावकाश जायला लागला, जणू विचार करत चाललाय. चुकला तर चुकायचा, पण खळ्यावरच थांबायचा. सोपं काहीच नव्हतं. पण आपण का चुकलो ते ज्याचं त्याला कळत होतं, त्यामुळे पुन्हा मारावंसं वाटत होतं.

शेवटचा पट मनुभाईंचा होता. बॉल डब्याच्या कडेला पोचला, थबकला... आणि टुणकन आत! सत्तरीचा माणूस अनवाणी नाचला हो! कप त्यांनाच गेला. मी शेवटून पहिला.

निघताना मी सुनंदाचे आभार मानले, तर ती हसून म्हणाली, “राग नका मानू सर, पण तुमचा नववीचा गणिताचा पेपर पण असाच घोटलेला असायचा. आमचा अर्धा वर्ग घसरून बाहेर गेला.” मंडळी पोट धरधरून हसली. मीही हसलो... आणि मग आठवलं, नववीनंतर सुनंदा शाळेत दिसली नव्हती.

पुढच्या वर्षी कोर्स सुनंदाच लावणार, असं तिथल्या तिथे एकमताने ठरलं. शेणाची बादली उचलून द्यायला तिच्या हाताखाली मी असेन. तिने मला वर्गात घेतलं, याचा मला केवढा आनंद झालाय म्हणून सांगू!